गाई आत जाईनात

चंद्री दारापाशी आली आणि थांबली. रणजितने तिला आधी आवाज दिला, मग पाठीवर थाप मारली, मग खांद्याने रेटलं. तिने पुढचे पाय असे रोवले की मांड्यांवरची कातडी थरथरताना दिसत होती. शेवटी त्याने भिंतीला टेकवलेली काठी उचलली. दोन रट्टे बसल्यावर चंद्री आत गेली, जाता जाता दारातच शेण टाकून.

"हे रोजचं आहे का?" मी विचारलं.

"सव्वा महिना झाला. पण मॅडम, तुमचा विषय तो नाही. तुम्ही मीटर बघा."

खरं होतं ते. माझा विषय मीटरच होता. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि भोसरीच्या एका लहानशा कंपनीत नोकरीला होते. मोटारींना ड्राइव्ह बसवून द्यायचं आमचं काम. ड्राइव्ह म्हणजे मोटारीला हवी तेवढीच वीज पुरवून तिचा वेग कमीजास्त करणारी पेटी. फलटणच्या पुढे कोरेवाडीला विश्वासराव खलाट्यांचा बासष्ट गाईंचा गोठा होता. त्यांचा मुलगा रणजित शेतीची पदवी घेऊन आला आणि त्याने हाताने धारा काढणं बंद करून मशीन आणलं, त्यासाठी पार्लर, म्हणजे धार काढायची नवी शेड, बांधली. एका वेळी आठ गाई लोखंडी कप्प्यांत उभ्या करायच्या, सडांना कप लावायचे, पंप हवा ओढतो, दूध नळीतून थेट टाकीत. त्या पंपाच्या मोटारीचा ड्राइव्ह मी बसवला होता. एकटीने केलेलं माझं ते पहिलं काम. मुलीला एकटीला साईटवर पाठवावं की नाही, यावर ऑफिसात दोन दिवस चर्चा झाली होती आणि ती माझ्या कानावर येईल अशीच झाली होती.

आता सव्वा महिन्याने तक्रार आली होती. प्रत्येक कप्प्यावर दुधाचा आकडा दाखवणारं मीटर होतं, आणि पंप चालू झाला की ते आकडे नाचायला लागायचे. सहा लिटरच्या जागी साठ, मध्येच शून्य, मध्येच नुसत्या रेघा.

मी चार वाजताची सगळी धार उभी राहून पाहिली. आकडे नाचत होते खरे, पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा गाईंकडे जात होतं. आत आल्यावर त्या एका जागी उभ्याच राहत नव्हत्या. एक पाय उचल, टेक, दुसरा उचल. कप लावले की लाथेने झटकून टाकायच्या. समोर स्टीलच्या गव्हाणीत पेंड ठेवलेली होती, पेंडीसाठी एरवी दावं तोडणारं जनावर, पण इथे कुणी तोंड घालत नव्हतं. दूधही बेताचंच उतरलं. रणजितचा गडी म्हणाला, गाई पान्हा चोरतात. दोघींना दगडी झाल्याचंही त्याने सांगितलं, म्हणजे कासेत दूध साकळून कास दगडासारखी झालेली.

मी रणजितला विचारलं, नव्या जागेची भीती असेल का? तो म्हणाला, भीती आठ दिवस असते, सव्वा महिना नसते. आणि मग, जरा आवाज खाली आणून, त्याने कारण सांगितलं. त्याच्या मते गोठ्यातलीच एक बाई हे करत होती.

तानूबाई कोळेकर तिचं नाव. वीस वर्षं तिने ह्या गोठ्यात हाताने धारा काढल्या होत्या. मशीन आणायचं ठरलं तेव्हा ती उघड बोलली होती की हे काही खरं नाही. मशीन आल्यावर कप लावायचं काम तिलाच दिलं, आणि तेव्हापासून गाई बिथरल्या. ती आतमध्ये त्यांना चिमटे काढत असेल, सुई टोचत असेल, काहीतरी करत असेल, म्हणजे कंटाळून आपण मशीन काढून टाकू, असा रणजितचा हिशेब होता. कुणी पाहिलेलं नव्हतं. पण गेल्या मंगळवारी तिला आतून काढून शेण उचलायला लावलं होतं.

"आणि ती बाहेर गेल्यावर गाई सुधारल्या?" मी विचारलं.

तो थोडा घुटमळला. "एकदा भरलेली धास्ती लगेच जाते का?"

धार संपली. गड्याने पाण्याचा पाईप मारून फरशी धुतली. मी हात धुवायला मागच्या नळावर गेले. शेणखड्ड्याच्या कडेला एक उंच, वाळकी बाई फावडं घेऊन उभी होती. पायात गोठ्याचे काळे गमबूट, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला. तिने मला पायापासून वरपर्यंत पाहिलं.

"मशीनवाली तूच का गं?"

मी हो म्हटलं. ती परत फावडं मारायला लागली. मला काय सुचलं कोण जाणे, मी तिला विचारलं की मावशी, तुमच्या मते गाईंना काय होतंय? फावडं थांबलं. नंतर मला कळलं, सव्वा महिन्यात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी विचारलं होतं ते एवढंच, की तू काय केलंस.

ती सावकाश सांगू लागली. गाई पान्हा चोरत नाहीत, त्यांना काहीतरी लागतं. कुठे लागतं ते तिलाही कळत नव्हतं. तिने कप बोटांवर लावून पाहिले होते, नळ्या चाचपल्या होत्या, फरशीवर खिळा-काच आहे का ते हाताने फिरून पाहिलं होतं. काही नाही.

"पेंडीला तोंड लावायच्या आधी जीभ लावून बघत्यात," ती म्हणाली. "तापल्या तव्याला आपण बोट लावून बघतो का न्हाय, तशी. आन् जीभ लावली की मान मागं. गव्हाण काय तापलेली नसती. म्या हात लावलाय की."

"आणखी काही वेगळं जाणवलं?"

"आणखी काय… माझा रेडिओ बिघाडला." हाताने धारा काढायची तेव्हा ती गाईंसाठी रेडिओ लावायची, गाणी ऐकत त्या निवांत पान्हा सोडायच्या. नव्या जागेतही तिने तो नेला होता. "पर तिथं नुसती खरखर. घरी नेला की चांगला वाजतोय. मशीन लागल्यापासनं असंच."

मी नळ बंद केला.

ड्राइव्हमधून मोटारीला जाणारी वीज घरच्या दिव्यासारखी सरळ नसते. ती सेकंदाला हजारो वेळा तोडून तोडून पाठवलेली असते. असं तोडताना तिचा थोडा अंश तारांबाहेर निसटतो आणि मोटारीच्या अंगावर येतो. म्हणून तारांच्या भोवती तांब्याची विणलेली जाळी असलेली केबल वापरायची. जाळीचं एक टोक ड्राइव्हच्या पेटीला घट्ट आवळायचं, दुसरं मोटारीच्या अंगाला. सोबत अर्थिंगची हिरवी तार. मग निसटलेली वीज जाळीतून आणि तारेतून जिथून निघाली तिथे मुकाट्याने परत येते. पण ती वाट बंद असेल, तर ती दुसरी शोधते. आणि अशी भटकी वीज जवळ असली की रेडिओ खरखरतो. आकडे नाचतात, तेही तिच्यामुळेच.

एवढं मला शिकवलेलं होतं. पण गाईंचा आणि त्याचा संबंध असेल असं वाटायला अजून काही कारण नव्हतं. नुसती उत्सुकता होती. मी तानूबाईंचा रेडिओ मागून घेतला. त्यांनी तो पदराने पुसून दिला.

रणजितला सांगून मी रिकाम्या पार्लरमध्ये पंप चालू करवला आणि रेडिओ घेऊन फिरले. पेटीजवळ खरखर होती, ती असणारच. मोटारीजवळ जास्त. पण पंपापासून निघालेला स्टीलचा पाईप वरून सगळ्या कप्प्यांवर जात होता, आणि मी त्याच्या खालून चालत गेले तर खरखर कमीच होईना. मोटारीपासून साठ फुटांवर, शेवटच्या गव्हाणीपाशी, रेडिओ तितकाच ओरडत होता. गव्हाणी कप्प्यांच्या लोखंडाला बोल्टने आवळलेल्या, लोखंड पाईपला. म्हणजे मोटारीच्या अंगावरची वीज त्या सगळ्यावर पसरलेली होती.

पिशवीतला वीज मोजायचा मीटर काढून मी गव्हाण आणि फरशी यांच्यामध्ये लावला. काटा जेमतेम हलला. साधा मीटर तो, घरच्या विजेसाठी केलेला. इतक्या वेगाने थरथरणारी वीज त्याला नीट दिसत नाही. हात लावून पाहिला, काही लागलं नाही. मग मी खाली पाहिलं. माझ्या पायात रणजितने दिलेले गमबूट होते. पार्लरमध्ये शिरताना ते घालायचेच, स्वच्छतेचा नियम. त्याच्या पायात होते, गड्याच्या पायात होते, तानूबाईंच्या पायात होते. गाईंच्या पायात मात्र नव्हते.

मी बूट काढले, मोजे काढले आणि ओल्या फरशीवर उभी राहिले. आज माझ्या हाताखालच्या कुणाला मी असं करू देणार नाही. पण तेव्हा मी केलं. उलट्या हाताची बोटं गव्हाणीला टेकवली.

आधी मुंग्या आल्या. मग मनगटापर्यंत कुणीतरी बारीक सुया एकदम ओढून घ्याव्यात तसं झालं आणि हात आपोआप मागे आला. मी पुन्हा लावला. पुन्हा तेच. माणसाच्या कोरड्या बोटाला जे एवढं लागतं, ते चार ओल्या खुरांवर उभं राहून ओल्या जिभेने चाखलं तर किती लागत असेल. आणि सडांना ओले कप.

मी पंप बंद केला, मेन स्विच काढला, ड्राइव्हमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबले आणि मोटारीवरची जोडणीची डबी उघडली.

आत काळी टेप होती. सुबक गुंडाळलेली, टोक आत दुमडलेलं. मी टेप तशीच गुंडाळते, अजूनही.

सगळं एकदम आठवलं. ह्या केबलची जाळी डबीला आवळून धरणारी खास कडी आलीच नव्हती. जाळी डबीत मोकळी राहून तारांना टेकू नये म्हणून मी ती कापली आणि वर टेप मारली. हिरव्या तारेचं टोक बसवायला लागणारा लग, म्हणजे टोकावर दाबायची तांब्याची टोपी, लहान निघाला. मोठा लग आला की फलटणचा वायरमन लावून देईल असं ठरलं होतं. मोटार रबराच्या पायांवर बसवलेली, आवाज होऊ नये म्हणून, त्यामुळे तिच्या अंगातून वीज जमिनीत जायचीही वाट नाही. संध्याकाळची एसटी पकडायची होती. पहिलं काम वेळेत संपवून दाखवायचं होतं. कागदावर 'अर्थिंग तपासले' असा रकाना होता, त्यात मी खूण केली होती आणि सही केली होती. वायरमनला फोन करायचं राहिलं ते राहिलंच.

मी तिथे उकिडवी बसून होते. जाळी अजून थोडी उरलेली होती, सोलली असती तर पट्टीने आवळता आली असती. माझ्या पिशवीत मोठा लग होता. दहा मिनिटांचं काम. आकडे थांबले असते, गाई शांत झाल्या असत्या, आणि कुणी विचारलंच असतं तर सांगायला "थोडं सेटिंग बदललं" होतं. मी पाना हातात घेतलाही.

तेवढ्यात रणजित चहाचे दोन कप घेऊन आला. मीटरचं काही सापडलं का, विचारलं. मी सापडतंय म्हणाले. मग तो कठड्याला टेकून गप्पा मारायला लागला. एक तारखेपासून साताऱ्याहून मशीनवर काम केलेला माणूस येणार होता. तानूबाईला त्याच दिवशी निरोप. आबांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, मन होत नव्हतं, पण आता तेही तयार झाले होते.

"बघाच तुम्ही," तो म्हणाला. "ती गेली की पंधरा दिवसांत गाई सरळ होतील."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. तो म्हणत होता ते अगदी खरं ठरणार होतं. मी आता तार जोडली असती तर हळूहळू गाई सुधारल्या असत्या, आणि नेमकी तेव्हाच तानूबाई गेलेली असती. मग पुढे कितीही वर्षं गेली तरी कोरेवाडीत सगळे हेच म्हणाले असते की ती बाई मुक्या जनावरांना टोचत होती. तिला स्वतःलाही त्याचं उत्तर कधी सापडलं नसतं.

मी पाना खाली ठेवला आणि डबी होती तशीच बंद केली.

"आबांना बोलवता का?" मी म्हटलं. "आणि तानूमावशींनाही. दुरुस्तीच्या आधी काहीतरी दाखवायचंय."

विश्वासराव आले. पासष्टीचे, अंगाने आडवे, पांढरी टोपी, बोलणं थोडं. तानूबाई दाराबाहेरच उभ्या राहिल्या. त्यांना आत यायला मनाई होती म्हणून. मी आत या म्हटलं तेव्हा त्यांनी आबांकडे पाहिलं, आबांनी मान हलवली, मग त्या आल्या.

मी पंप चालू केला. रणजितला गमबूट काढून ओल्या फरशीवर उभं राहायला सांगितलं आणि उलट्या हाताने गव्हाणीला बोट लावायला. त्याला चेष्टा वाटली. तरी त्याने बूट काढले, बोट लावलं, आणि हात झटकन मागे घेतला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला नाही.

आबांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच चपला काढल्या, त्या नीट बाजूला ठेवल्या, पुढे झाले आणि बोटं गव्हाणीवर ठेवली. त्यांनी हात लगेच काढला नाही. बराच वेळ ठेवला. मनगट थरथरत होतं.

"सव्वा महिना," ते म्हणाले.

मी पंप बंद केला.

"कुणाची चूक?" त्यांनी विचारलं. रणजित कंपनीबद्दल काही बोलायला लागला होता, त्याला मी थांबवलं आणि डबी उघडून टेप दाखवली. सगळं सांगितलं, लग, एसटी, रकाना, सही. काही गाळलं नाही.

"म्हणजे आत्ता तू गपचूप जोडून गेली असतीस, तर?"

"तर कुणाला कळलं नसतं, आबा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग ते तानूबाईंकडे वळले. मालकाने गड्याशी बोलावं तसं नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "तानूबाई, आमचं चुकलं."

तानूबाई गव्हाणीकडे बघत होत्या. त्यांनी हात लावून पाहिला नाही. त्यांना गरज नव्हती. मी पुढे झाले आणि म्हटलं, मावशी, हे माझ्यामुळे झालं.

"करंट तुझा होता, पोरी," त्या म्हणाल्या. "काठी ह्यांची होती."

रणजितची मान खाली गेली. मग तानूबाईंनीच विचारलं, आता जोडणार का नुसतं बोलत बसणार.

मी जोडलं. हिरवी तार लग लावून मोटारीच्या अंगाला आवळली. जाळी मागे सोलून काढली आणि पट्टीने चहूबाजूंनी दाबून बसवली, ड्राइव्हकडचं टोकही पुन्हा पाहिलं. पाईप आणि गव्हाणी वेगळ्या जाड तारेने अर्थिंगला बांधल्या. मग पंप चालू केला. आकडे जागच्या जागी उभे राहिले. तानूबाईंनी रेडिओ लावला, बाजारभाव सांगत होते, कांदा, डाळिंब, अगदी स्पष्ट. आबांनी पुन्हा चपला काढून प्रत्येक गव्हाणीला हात लावला, आठही.

त्या रात्री मी खलाट्यांकडेच राहिले. सकाळच्या धारेला गाई तशाच अडल्या, त्यांना कुठे माहीत होतं. फरक एवढाच की तानूबाईंनी काठी बाहेर नेऊन टाकली, आणि मग प्रत्येक गाईपाशी त्या उभ्या राहिल्या, हातावर पेंड घेऊन, गाय आपणहून पाय उचलेपर्यंत. त्या धारेला साडेचार तास लागले. रणजित पूर्ण वेळ त्यांच्या मागे पेंडीची पाटी धरून उभा होता.

ऑफिसात मी रिपोर्ट लिहिला. साहेब म्हणाले, "माझ्या चुकीमुळे" असं लिहायची गरज नाही, "जोडणीतील त्रुटीमुळे" चालेल. मी शब्द बदलला नाही. मला चार महिने साईटवर पाठवलं नाही, वर्कशॉपमध्ये पेट्या तपासायला बसवलं. कुजबुजही व्हायची ती झाली. ते सगळं रास्तच होतं आणि त्या चार महिन्यांत मी जे शिकले त्यावर मी आजवर पोट भरते आहे.

दोन वर्षांनी खलाट्यांनी आणखी आठ कप्पे वाढवले. कामाला मीच यावं असं रणजितने कंपनीला कळवलं होतं. मी गेले. गाई रांगेने आत जात होत्या, एकमेकींना ढकलत, कोण आधी. तानूबाई सगळ्यावर देखरेख करत होत्या, हाताखाली दोन माणसं.

पण पार्लरच्या मागे, लिंबाखाली, एक करडी गाय वेगळी बांधलेली दिसली. मागच्या वेळी मी तिला पाहिल्याचं आठवत नव्हतं. धार संपल्यावर तानूबाई बादली घेऊन तिच्यापाशी गेल्या, उकिडव्या बसल्या आणि हाताने धार काढू लागल्या.

मी जवळ जाऊन उभी राहिले. ही आत का जात नाही, विचारलं.

"तवापासनं गेलीच न्हाय."

"अजून? आता तर काहीच लागत नाही, मावशी. मी कालच सगळं तपासलंय."

"ते तुला ठावं, मला ठावं. तिला कसं सांगायचं?" त्यांची बोटं चालूच होती. बादलीत फेस चढत होता. "बाकीच्या इसरल्या. ही न्हाय इसरली."

मग गाईच्या पोटाला कपाळ टेकवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"इसरलंच पायजे, आसं थोडंच हाय."